दादाने केलेली पहिली पकड

मला भीती वाटते ती हातांची. भुताखेतांची नाही, पालीची नाही, एकटं राहण्याचीही नाही. माणसाचा हात टेबलावर नुसता पडलेला दिसला, तरी माझं लक्ष त्याच्या बोटांकडे जातं आणि तिथून लवकर हलत नाही. ही सवय मला आप्पांमुळे लागली.

आप्पा म्हणजे आमचे वडील. कुक्षीच्या एका कचेरीत कारकून होते. आठवडाभर तिकडे राहायचे आणि शनिवारी धारला घरी यायचे. त्यांची सही मोठी, ऐटबाज होती, शेवटच्या अक्षराला लांब शेपूट. पन्नाशीला ती सही लहान व्हायला लागली. आधी शेपूट गेलं, मग अक्षरं एकमेकांत शिरली, आणि एके दिवशी सही जुळत नाही म्हणून त्यांचा कागद परत आला. आम्ही हसलो होतो. आप्पांना स्वतःची सही येत नाही, म्हणून मी दिवसभर चिडवलं त्यांना. हात थरथरायला लागला तो नंतर, वर्षभराने. कंपवात हा शब्द तेव्हा आमच्या घरात आला आणि आप्पा गेल्यावरही गेला नाही. डॉक्टर म्हणाले होते, हा आजार मुलांना होतोच असं नाही. आईने त्यातलं ‘मुलांना होतो’ एवढंच ऐकलं, आणि खरं सांगायचं तर मीही तेवढंच ऐकलं.

आता खेळाबद्दल सांगते. माझं वय चाळीस, देवासच्या एका कारखान्यात तयार मालाची तपासणी करते, आणि संध्याकाळी सात वाजता टीव्हीसमोर बसून मारामारीचे व्हिडिओ गेम खेळते. नवरा म्हणतो, कुकरच्या शिट्ट्या मोजायची जबाबदारी माझ्यावर टाकून तू लोकांची डोकी फोडतेस. बरोबर बोलतो. पण हे वेड चाळिशीत लागलेलं नाही. धारला बसस्टँडजवळ एका बोळात व्हिडिओ गेमचं पार्लर होतं. दोन मशिनी, एक पंखा आणि घामाचा वास. माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा दादा तिथे जायचा आणि मी त्याच्या मागे लागून जायचे. त्या पार्लरमध्ये मुलगी म्हणजे मी एकटीच. माझा हात मशीनच्या दांडीपर्यंत पोचत नसे, म्हणून दादा थंड्याच्या बाटल्यांचं रिकामं कॅरेट उलटं ठेवायचा आणि मी त्यावर उभी राहायचे. डाव्या हाताने दांडी फिरवायची, उजव्या हाताने बटणं दाबायची, आणि पडद्यावरची दोन माणसं एकमेकांना लोळवायची. एवढाच खेळ. पण त्यात मला जो आनंद मिळाला, तो शाळेने कधी दिला नाही.

त्या पार्लरचा एक कायदा होता. पकड चालत नाही. म्हणजे असं की, या खेळांत ठोसे असतात, लाथा असतात, आणि समोरच्याला जवळ जाऊन धरून आपटायचीही सोय असते. ठोसा अडवता येतो, पकड अडवता येत नाही. शिवाय तिला काही कसबही लागत नाही. अगदी जवळ जायचं आणि उजव्या हाताची दोन बटणं एकदम दाबायची, झालं. म्हणून ती बेइमानी. कोणी पकड केली की पार्लरवाला गल्ल्यावरूनच ओरडायचा, “ए भिया, पकड़ नी चलेगी इधर!” आणि करणाऱ्याला मशीन सोडावी लागायची. गेम बनवणाऱ्यांनी पकड मुद्दाम ठेवली आहे, नुसतं अडवत बसणाऱ्यांना धडा म्हणून, हे मला फार उशिरा कळलं. कळल्यावरही पटलं नाही. आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये माळव्यातली पंचवीस-तीस पोरं आहेत, बहुतेक माझ्या निम्म्या वयाची. मी बाई आहे हे त्यांना ठाऊक नाही, मलाही तिथे सगळे भिया, म्हणजे भाऊच म्हणतात. त्यांना मी हा कायदा सांगितला तेव्हा ती खदाखदा हसली. एकाने लिहिलं, “भिया, आप किस ज़माने के हो?” मी उत्तर दिलं की इज्जतवाल्या जमान्याचा, आणि दोन दिवस ग्रुप उघडला नाही.

दादा आणि मी मात्र तो कायदा पाळत आलो. त्याने पंचवीस वर्षांहून जास्त काळात माझ्यावर एकदाही पकड केली नाही. त्याची खासियत होती चढता ठोसा. समोरचा उडी मारून अंगावर आला की जमिनीवरून उसळत त्याच्या हनुवटीवर हाणायचा. तो काढायला डाव्या हाताने तीन दिशा क्षणात फिरवाव्या लागतात. पुढे, खाली, तिरकी. मग उजव्या हाताचं बटण. दादाचा हा ठोसा कधी म्हणजे कधी चुकायचा नाही. आणि मी जन्माची उड्या मारणारी. “उडू नकोस गं, मार खाशील,” असं तो म्हणायचा, मी उडायचे आणि मार खायचे.

लग्नानंतर मी देवासला आले. दादा धारलाच राहिला आणि गंधवानीच्या एका शाळेत शिक्षक झाला. रोज मोटरसायकलने जातो-येतो, घाटाचा रस्ता. दोन वर्षांपूर्वी आम्ही दोघांनी एकदमच टीव्हीवर खेळायचे कन्सोल घेतले आणि संध्याकाळी सातला हेडफोन लावून नेटवर खेळायला लागलो. वहिनी हसायची. ती आमच्याकडच्या जुन्या पद्धतीप्रमाणे मला अजून वन्सं म्हणते. “वन्सं, तुमचा भाऊ शाळेतून येतो तो हातपाय धुवायच्या आधी तुम्हाला मारायला बसतो,” असं म्हणायची.

गेल्या वर्षी श्रावणात मी जिंकायला लागले.

आधी एखादा डाव, मग आठवड्यात दोन-तीन, आणि दिवाळीच्या सुमाराला तर रोजच. माझ्या उड्या बसायला लागल्या. दादाचा चढता ठोसा निघेचना. मी आत उडायचे, लाथ बसायची, आणि तो तिथे नुसता उभा. मला काय आनंद व्हावा! आयुष्यभर जिच्यासाठी मार खाल्ला ती उडी मला जमली, असं वाटलं. मी ग्रुपवर फुशारक्या मारल्या, त्याला चिडवलं. “म्हातारा झालास दादा.” तो म्हणायचा, “लॅग आहे गं, नेट खराब आहे.” मी म्हणायचे, “चार रेघा हिरव्या दिसतायत माझ्याकडे.” पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात नेट कसं आहे ते दाखवणाऱ्या चार रेघा असतात, नेट बिघडलं की त्या लाल होतात. दोघांनाही सारख्याच दिसतात. “इकडे घाटाखालून येतं नेट,” असं काहीतरी बोलून तो हसायचा. हरणारा प्रत्येक खेळाडू लॅगचंच नाव घेतो, त्यात नवीन काही नव्हतं. आणि मीही काय केलं? त्याचा खेळ कुठे कमी पडतो ते हेरलं आणि बरोबर तिथेच उडत राहिले. मारामारीच्या गेममध्ये हेच तर शिकवतात. समोरच्याचं दुखणं शोधायचं आणि त्यावरच मारायचं. मी हे पाच महिने केलं.

संक्रांतीनंतर एका संध्याकाळी, शेवटच्या फेरीत, दादाचा माणूस चालत चालत माझ्याजवळ आला आणि त्याने मला उचलून आपटलं.

पकड. मला आधी वाटलं, चुकून बटण लागलं. मी हसले. त्याने दुसऱ्यांदा केली, तिसऱ्यांदा केली. त्या संध्याकाळी तो दुसरं काहीच करेना. अडवायचा, जवळ यायचा, आपटायचा.

“दादा, पकड?”

“आता सगळेच करतात. गेममध्ये आहे ना?”

“आपल्यात नाही.”

“तू नुसती उडतेस, मग मी काय करू?”

माझा राग कसा आहे ते माझ्या घरातल्या भांड्यांना विचारा. मी म्हटलं, “सरळ कबूल कर ना, तुझ्या हातात दम उरला नाही.” मी हेडफोन काढून सोफ्यावर फेकला. पंधरा दिवस आम्ही खेळलो नाही आणि बोललोही नाही.

सोळाव्या दिवशी वहिनीचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलली, पापड झाले का विचारलं. मग म्हणाली, “वन्सं, हे घाटात गाडीवरून पडले होते परवा. काही नाही, ढोपर सोललंय.”

“कसा काय पडला?”

“क्लच वेळेवर दाबला गेला नाही म्हणे.” मग तिने विचारलं, “क्लच डाव्या हाताला असतो ना?”

वहिनीला मोटरसायकल येते. लग्नाआधीपासून येते. क्लच कुठे असतो हे ती मला विचारत नव्हती. दुपारचे चार वाजले होते, मी कारखान्यात होते, आणि समोर तपासायचा माल तसाच पडला होता. तब्येत बरी नाही असं सांगून मी घरी आले आणि टीव्ही लावला.

आमच्या गेममध्ये खेळलेले डाव साठवून ठेवता येतात. ते पुन्हा बघताना एक सोय असते, कोणी कुठलं बटण कधी दाबलं ते पडद्याच्या कडेला दिसतं. दिशांचे बाण आणि बटणांचे रंगीत ठिपके, एकाखाली एक उतरत जातात. आम्ही वेडे लोक ते बघून स्वतःच्या चुका शोधतो. मी जिंकलेले सगळे डाव ठेवले होते, फुशारकीसाठी. जुने दादाने जिंकलेलेही होते. मी सगळ्यात जुना लावला आणि दादाची बाजू बघायला लागले.

पुढे, खाली, तिरका. तीन बाण एकमेकांना चिकटून, मग ठिपका. सुंदर होतं ते. श्रावणातल्या डावात पहिल्या आणि दुसऱ्या बाणामध्ये अंतर पडलं होतं. नवरात्रातल्या डावात ते वाढलं. दिवाळीत तिसरा बाण येतच नव्हता. पुढे, खाली, आणि मग काही नाही. पण ठिपका मात्र दर वेळी वेळेवर. उजवा हात जिथे पडायला हवा तिथेच पडत होता.

नेट खराब असतं तर बाण आणि ठिपका दोन्ही उशिरा आले असते. नुसता डावा हात मागे पडणं म्हणजे लॅग नव्हे. मी माल तपासते, हेच माझं काम आहे. एकाच जागी परत परत येणारा दोष म्हणजे अपघात नसतो, हे मी नव्या पोरींना शिकवते. आणि पाच महिने तोच दोष माझ्या डोळ्यांसमोर होता, मी त्यावर टाळ्या पिटत होते. आप्पांच्या सहीला हसले होते तशीच. मला इतकी भीती वाटली की मी टीव्ही बंद केला आणि त्याच्या काळ्या काचेत स्वतःलाच बघत बसले. पकडीला डाव्या हाताची चपळाई लागत नाही. जवळ जायचं आणि दोन बटणं दाबायची. त्याच्याकडे तेवढंच उरलं होतं, आणि मी त्याला काय बोलले होते?

रविवारी सकाळी इंदूरला गेले आणि तिथून धारची बस धरली. वाटभर ठरवत होते की कसं विचारायचं. दादा, डॉक्टरकडे गेला होतास का? दादा, सही कशी येते तुझी? प्रत्येक वाक्य मी मनातच खोडत होते. एकदा तोंडातून निघालं की ते खरं होणार, अशी माझी समजूत होती. धार आली तेव्हाही काही ठरलं नव्हतं.

दादा दारातच होता. हसला. मी त्याच्या डाव्या हाताकडे बघितलं नाही. म्हणजे बघितलं, पण चोरून. तो खिशात होता. वहिनीने पोहे दिले, शेव दिली आणि वाण्याकडे जाऊन येते म्हणाली. घरात सगळं भरलेलं होतं, ती मुद्दामच गेली.

आम्ही टीव्हीसमोर बसलो. कितीतरी वर्षांनी एका खोलीत, एका सतरंजीवर. दादाने खेळायचा रिमोट हातात घेतला. डाव सुरू व्हायच्या आधी मी पडद्याकडे बघतच म्हटलं, “दादा, पकड चालेल.”

त्याने मान वळवली. मी वळवली नाही. मला रडू येत होतं आणि रागही येत होता, कोणाचा ते मला अजून सांगता येत नाही.

“वहिनीने सांगितलं?”

“नाही. डाव परत बघितले.”

“हं.” त्याने रिमोट खाली ठेवला. मग म्हणाला, “इंदूरच्या डॉक्टरला दाखवलंय. गोळ्या चालू केल्यात. आप्पांच्या वेळेपेक्षा बऱ्या गोळ्या आहेत आता. गाडी बंद केली, बसने जातो. परेशान नको होऊस.”

“कधी दाखवलंस?”

“दिवाळीच्या आधी.”

“आणि मला सांगितलं नाहीस? मी रोज तिथेच मारत होते दादा! रोज!”

“तू मारावंस म्हणूनच तर बसत होतो.”

मला कळलं नाही. मी त्याच्याकडे बघितलं. आता त्याचा डावा हात मांडीवर उघडा होता. थरथरत नव्हता. आप्पांचाही आधी थरथरत नसे.

“मी पण तुझे डाव परत बघतो,” तो म्हणाला. “श्रावणापासून. रोजचे. माझ्यात आलं तर तुझ्यातही... म्हणून बघत होतो. उडी मारताना तुझा हात कुठे मागे पडतो का ते. मला हरायचं काही नाही गं. तू वेळेवर उडलीस की मला त्या दिवशी झोप लागायची.”

मी त्याला चिडवायला बसत होते आणि तो मला तपासायला. पंधरा दिवस मी रुसून बसले, तेवढे दिवस त्याला काहीच कळायला मार्ग नव्हता. त्याने दुसरा रिमोट माझ्या हातात कोंबला.

“उडी मार. बघू दे.”

मी उडी मारली. त्याने पकड केली नाही, चढता ठोसाच काढायला गेला. रिमोटवर डावा अंगठा फिरवताना त्याचे दात घट्ट आवळलेले मी बाजूने बघत होते. पुढे, खाली. तेवढंच. माझी लाथ त्याच्या माणसाच्या तोंडावर बसली आणि तो आडवा झाला.

“ठीक आहे,” दादा म्हणाला आणि त्याने मोठा श्वास सोडला. “तुझी वेळेवर आहे.”

त्याला चार महिने झाले. आता आमच्यात पकड चालते. दादा तिच्यात तरबेज झालाय, मेला कुठून कुठून येऊन धरतो. ग्रुपमधली पोरं म्हणतात, भिया, आपके दादा तो उस्ताद हैं. गोळ्यांनी त्याला बराच फरक आहे, कधी कधी दहांतला एखादा चढता ठोसा निघतोही, आणि मग आम्ही दोघं ओरडतो. बाहेरून बघणाऱ्याला वाटेल, या बहीणभावाचं बरं चाललंय.

पण मला आता हरायची भीती वाटते. पूर्वी हरले तर चिडायचे, एवढंच. आता मी कारखान्यातून आल्यावर घरी एकटीने सराव करते, तासभर, उडी आणि लाथ, उडी आणि लाथ, सातच्या आत हात तयार असावा म्हणून. डावा अंगठा दुखायला लागला की थांबते, आणि दुखणं दमल्याचं की दुसऱ्या कशाचं, हे शोधत बसते. महिन्याच्या कागदांवर सही केली की ती मागच्या सहीशेजारी धरून बघते.

परवा संध्याकाळी मी उडी मारली आणि लाथ निघाली नाही. अंगठ्याने बटण उशिरा दाबलं, की दाबलंच नाही, मला कळलं नाही. माझा माणूस हवेतून नुसताच खाली आला आणि दादासमोर उभा राहिला. दादाने पकड केली नाही. ठोसाही मारला नाही. हेडफोनमध्ये त्याचा श्वास ऐकू येत होता.

“लॅग होता का गं?” त्याने विचारलं.

“हो दादा,” मी म्हटलं. “आज नेट फारच खराब आहे इकडे.”

“हं. असेल,” तो म्हणाला.

वरच्या कोपऱ्यात चारही रेघा हिरव्या होत्या. मला दिसत होत्या तशा त्यालाही दिसत होत्या.